हिवाळ्यातलं चोविसावं कलम

मूर्तिजापूरला गाडीतून उतरले तेव्हा जगातल्या सगळ्या माणसांचे हक्क माझ्या पाठीवर होते, आणि पिशवीचा पट्टा फलाटावरच तुटला. पत्रकांचे गठ्ठे खाली घरंगळले. एका हमालानं ते गोळा करायला मदत केली. वरचं पत्रक उचलून त्यानं विचारलं, "ताई, निवडणूक लागली का?" मी म्हटलं, निवडणूक नाही, हा माणसांच्या हक्कांचा जाहीरनामा आहे, जगातल्या देशांनी मिळून केलेला. "मंग तं जड राह्यनच," असं म्हणून त्यानं गठ्ठा डोक्यावर घेतला आणि एसटीपर्यंत आणून दिला.

मी सांगलीची. आमच्या घरी वडिलांचा छोटा छापखाना आहे आणि मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. 'जाहीर सभा', 'तीव्र धिक्कार', 'बहुसंख्येने उपस्थित राहा' हे शब्द मला कमळ आणि बदक यांच्या आधी वाचता येत होते. यंदा दहा डिसेंबरच्या मानवी हक्क दिनासाठी आमच्या गटानं त्या जाहीरनाम्याची तीसही कलमं सोप्या मराठीत छापायचं ठरवलं. तेव्हा एका मित्रानं सुचवलं की चोविसावं कलम गाळू. ते विश्रांतीचं आणि मोकळ्या वेळाचं आहे. "जगात माणसं चौकशीवाचून तुरुंगात सडताहेत," तो म्हणाला, "हे पत्रक खिशात सापडलं तर माणूस घरी परत येत नाही असे देश आहेत. आणि आपण सुट्टीचं काय छापतोय?" मी त्याच्याशी कडाकडा भांडले. हक्कांत निवडानिवड सुरू केली की सगळ्यात आधी राबणाऱ्याचा हक्क गळतो, असं माझं मत आहे. कलम राहिलं.

त्याच आठवड्यात वाशीम जिल्ह्यातून प्रज्ञाचा फोन आला. आमची ओळख पुण्यातल्या एका शिबिरातली. ती आपल्या गावच्या बुद्धविहारात मुलींसाठी अभ्यासिका चालवते. दहा तारखेला संध्याकाळी विहारात जाहीरनाम्याचं वाचन करायला ये, असं तिचं म्हणणं होतं. "चोविसावं कलम हाय ना त्यात?" तिनं विचारलं. "मंग येच. आमच्या इथं त्याच्यावरूनच भांडण लागून राह्यलं."

भांडण असं होतं. प्रज्ञाच्या शेजारची रेखा दिगंबरभाऊ नावाच्या शेतकऱ्याकडे हरभऱ्याच्या निंदणाला (खुरपणीला) जायची. दुपारी भाकरी खाल्ल्यावर ती धुऱ्यावर (बांधावर) जरा आडवी झाली. पावसाळ्यात तिथे बायांना जेवणानंतर बसू देतात, पण हिवाळ्यात दिवस लहान म्हणून ती सुट्टी बंद. भाऊ उठ म्हणाले. रेखा म्हणाली, पाठ दुखते, उठते थोड्या वेळानं. त्यावर भाऊंनी टोळीच्या मुख्य बाईला सांगितलं, उद्यापासून हिला आणू नको. तेव्हापासून रेखा घरीच होती. गावात एकानं काढलेली बाई दुसराही पटकन बोलवत नाही, आणि हंगाम तर चालू होता.

मूर्तिजापूरहून कारंज्याला जाणारी एसटी काळ्या मातीच्या शेतांमधून जाते. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, शेंगांनी वाकलेली तूर, आणि तिच्यामध्ये गुडघ्याच्याही खाली राहणारा हिरवागार हरभरा. आमच्याकडे उसामुळे रस्त्यावरून पलीकडचं काही दिसत नाही. इथे नजर पार क्षितिजापर्यंत जाते आणि वाटेत तिला एखादी बाभूळ, एखादी विहीर एवढंच भेटतं. कारंज्याला स्टँडवर आलुबोंडा (आपला बटाटेवडा, पण अंगानं थोरला) खाल्ला. त्याबरोबरची तळलेली मिरची मी सांगलीकरणीच्या तोऱ्यात अख्खी चावली आणि मग बराच वेळ कोणाशी बोलले नाही.

कामरगावहून पुढे जीप. सलीमभाई नावाचे चालक माणसं भरेपर्यंत निवांत उभे होते. मी त्यांना एक पत्रक दिलं. त्यांनी मथळा वाचला, 'जागतिक मानवाधिकार दिन', आणि एकदम माझी पिशवी उचलून टपावर नीट बांधली. कोणत्या गावाला, कायसाठी, असं विचारलं. मी सांगितलं की संध्याकाळी वाचन आहे आणि त्याआधी शेतात काम करणाऱ्या बायांना भेटायचं आहे. जीप सुरू झाली तसा त्यांनी कुणाला तरी फोन लावला. "हो हो, अधिकारीच हाय. मोठी बॅग हाय संगं. आता निंगालो आमी." पुढच्या सीटवर सफारी घातलेले एक गृहस्थ ब्रीफकेस मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, हे कुणीतरी साहेब दिसतात. मी सरकून बसले.

सफारीवाले मधल्या एका गावात उतरले आणि समोरच्या सलूनचं शटर उघडायला लागले. ब्रीफकेसमध्ये कात्र्या होत्या. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

फाट्यावर प्रज्ञा स्कूटी घेऊन उभी होती आणि हसत होती. नुसती हसत नव्हती, स्कूटीला धरून हसत होती.

"अवं, तू अधिकारी कवा झाली?"

मग उलगडा झाला. सलीमभाईंनी 'मानवाधिकार' वाचलं आणि गावात कळवलं की मानव अधिकारी येऊन राह्यल्या, शेतातल्या बायांचं पाहायला. कृषी अधिकारी असतो, वन अधिकारी असतो, तसा मानव अधिकारीही सरकारनं नवीन काढला असेल, यात कुणाला काही नवल वाटलं नव्हतं. बातमी दिगंबरभाऊंपर्यंत पोचली. भाऊ हादरले, कारण काढून टाकलेल्या बाईचं प्रकरण त्यांच्याच शेतातलं. त्यांनी बायकोला स्कूटीवर रेखाच्या घरी पिटाळलं आणि रेखाला शेतावर आणवलं.

"रेखा आज कामावर हाय," प्रज्ञा म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तू काहीच बोलू नको. खोटंही नको सांगू. नुसती चाल संगं."

मी म्हटलं, मी अधिकारी नाही हे मला सांगावंच लागेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटी चालू केली.

शेतात जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. बाभळीच्या सावलीत, धुऱ्यावर, टोळीतल्या सगळ्या बाया ओळीनं उताण्या झोपल्या होत्या. हात अंगालगत, पाय जुळवलेले, डोळे गच्च मिटलेले. कवायतीत मुलं सावधान उभी राहतात तशा त्या सावधान आडव्या होत्या. ओळीच्या टोकाला दिगंबरभाऊ. इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ.

"या मॅडम, पाहून घ्या," ते म्हणाले. "आराम चालू हाय. रोजच राह्यते."

ओळीतून दाबलेलं हसू आलं.

"हासू नका वं. झोपा," भाऊ म्हणाले.

सगळ्यात शेवटी एक सडपातळ बाई होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडेच बघत होती. प्रज्ञानं खूण करण्याची गरज नव्हती. ती रेखा.

मी नारळ घेतला नाही. "भाऊ, गैरसमज झालाय," मी म्हटलं. "मी अधिकारी नाही."

"मंग कोन हा तुमी?"

"मी पत्रकं वाटते."

"सरकारी?"

"नाही."

"पेपरवाल्या?"

"नाही."

"मंग तुमाले धाडलं कोनं?"

"कुणीच नाही. मीच आले."

भाऊंनी मोठा श्वास सोडला, नारळ खाली ठेवला आणि शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. "अरे बाप्पा. सकायपासून माह्या जीवाचं पानी पानी झालं." मग ते बायांकडे वळले. "उठा वं. लागा कामाले."

कुणी उठलं नाही. रेखा मात्र उठून बसली, आणि बोलली ती माझ्याशी.

"साजरं केलं ताई," ती म्हणाली. (साजरं म्हणजे छान, पण इथे छान अजिबात नव्हतं.) "सांजलोक तरी अधिकारी राह्यता आलं असतं ना तुमाले."

"खोटं बोलून मिळालेली विश्रांती म्हणजे हक्क नव्हे," मी म्हटलं. माझंच वाक्य मला आमच्या छापखान्यातून नुकतंच बाहेर आल्यासारखं ऐकू आलं.

"नसन. पन पाठीले थोडी कयते, हक कोनता अन् खोटं कोनतं."

तरी त्या क्षणी पुन्हा उभं केलं तर मी पुन्हा तेच सांगेन.

तोवर टोळीच्या मुख्य सुमनबाई कोपरावर टेकून उठल्या. त्या मुख्य गावातल्या, बाकीच्या बऱ्याच जणी बौद्धवस्तीतल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "अधिकारी नाई आली म्हून आमचे गुडघे दुखाचे थांबले का?"

"सुमनबाई, दिवस केवढा हाय ते पाहा. भाकर खाल्ली, पानी पेलं, की दिवस ढयला. पावसाळ्यात म्या कधी नाई म्हटलं का बसाले? अन् या रेखाले इथं कोनं बलावलं? तिले तं म्या…"

"म्या बलावलं." मागून आवाज आला. भाऊंच्या पत्नी मालताबाई विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीजवळून येत होत्या. "तुमच्याच सांगण्यानं. तिच्या दारात उभं राहून, अख्ख्या गल्लीदेखत म्हटलं, चाल रेखा, भाऊनं बलावलं. आता तिले वापस धाडता? मंग पुढच्या खेपी त्या गल्लीत मले कोन उभं करन?"

इथे सांगलीच्या वाचकांसाठी थोडं थांबायला हवं. या गावात निंदणाच्या दिवसांत माणसं दारावर जाऊन बोलवावी लागतात. फोन सगळ्यांकडे आहेत, पण फोनवरचं बोलावणं कच्चं धरतात. दारात उभं राहून नाव घेऊन बोलावलं की ते पक्कं, हंगाम संपेपर्यंतचं. असं बोलावून परत पाठवणाऱ्याच्या शेतात दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. भाऊंना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अधिकाऱ्याच्या धाकात त्यांनी स्वतःच रेखाला पक्कं करून टाकलं होतं, आणि तेही बायकोच्या तोंडून.

भाऊंनी माझ्या हातातल्या पत्रकाकडे बोट दाखवलं. मग मला म्हणाले, "वाचा मंग. काय लिहेल हाय ते आयकू तं द्या."

मी वाचलं. प्रत्येक माणसाला विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क आहे. कामाच्या तासांना वाजवी मर्यादा असली पाहिजे.

'फुरसत' शब्दावर बाया हसायला लागल्या. मी विचारलं, काय झालं? सुमनबाई म्हणाल्या, "मले फुरसद नाई, असं दिवसातून धा डाव म्हनतो आमी. मले फुरसद हाय, असं मी तं बाई कुनाच्याच तोंडून आयकलं नाई."

"म्हनून पाह्य ना घरी," दुसरी म्हणाली. "झाडू देतीन हातात."

भाऊ मात्र गंभीर होते. "ह्यात हिवाळ्याचं लिहेल हाय का?"

मी म्हटलं, "नाही. उन्हाळा, हिवाळा असं काहीच लिहिलेलं नाही."

"मंग अधुरं हाय हे."

"अधुरं कायले?" रेखा म्हणाली. "हिवाळा नाई लिहेल, म्हंजे बाराही महिने."

मी कितीतरी परिसंवाद ऐकले आहेत. कायद्याचा इतका झटपट अर्थ लावलेला मी तिथे कधी ऐकला नाही. भाऊंनाही तो आवडला नसला तरी पटला असावा, कारण त्यांनी दुसरीच वाट धरली. "शेतकऱ्यालेही हाय का हा हक? मले कोन देते सुटी?"

"अन् मले?" मालताबाई म्हणाल्या.

मी सांगितलं, हक्क सगळ्यांना आहे. भाऊंना आणि मालताबाईंनाही. मालताबाई लगेच बायांच्या ओळीत जाऊन बसल्या. आता उभे असलेले भाऊ, प्रज्ञा आणि मी असे तिघंच उरलो.

शेवटी सौदा झाला. हिवाळ्यातही जेवणानंतर बसायचं, पण बाभळीची सावली धुऱ्यावरून उतरेपर्यंतच. सावली उतरली की कुणी सांगायची वाट न बघता उठायचं.

"बाभूयच छाटून टाकतो," भाऊ पुटपुटले.

"छाटा," रेखा म्हणाली. "आमी कडूनिंबाखाली जाऊ. तो मोठा हाय."

या साऱ्या गडबडीत जेवणं राहिली होती. बायांनी फडकी सोडली. ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि तिथल्या तिथे खुडलेले हरभऱ्याचे कोवळे शेंडे, मिठासोबत नुसतेच. त्यांच्यावरची आंब (आंबट दव) जिभेला झोंबते आणि हात पुन्हा शेंड्यांकडेच जातो. रेखानं माझ्यासमोर भाकरी ठेवली. राग गेला नव्हता, पण भाकरी मोठी होती. भाऊ आपला डबा घेऊन मोटारीच्या खोलीकडे निघाले.

मी हाक मारली, "भाऊ, इथंच बसा की."

"माह्यं पथ्य हाय," ते मागे न बघता म्हणाले.

"लय जुनं पथ्य हाय ताई," रेखा खालच्या आवाजात म्हणाली. "त्याच्या बापालेही होतं."

बाया हसल्या. मला हसू आलं नाही. तीस कलमांतलं पहिलंच सांगतं की सगळी माणसं जन्मतः समान आहेत, आणि त्या पहिल्या कलमाला या शेतात अजून मोटारीच्या खोलीपर्यंतही जाता आलेलं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात प्रज्ञानं माझ्या हातावर हात ठेवला. "आज एक जिकलो," ती म्हणाली. "जेव."

सावली उतरली तशा बाया उठल्या. रेखानं खुरपं घेतलं आणि आपली ओळ धरली.

संध्याकाळी विहार भरला होता. मुली, म्हातारी माणसं, कामावरून आलेल्या बाया आणि दाराशी उभे सलीमभाई, ज्यांना सगळे "काय अधिकारी" म्हणून चिडवत होते. मी सांगितलं की आज हे जगात अनेक ठिकाणी वाचलं जातंय, काही ठिकाणी उघड, काही ठिकाणी दारं लावून. हे मोठ्यानं वाचण्यासाठी माणसं मार खातात, तरी वाचतात. मग सगळ्यांनी एकेक कलम वाचलं. रेखाला वाचता येतं, पण ती म्हणाली मी नुसतं आयकते. फक्त प्रत्येक कलमानंतर विचारायची, "हे आपल्यालेही हाय ना?" आणि मुली एका सुरात म्हणायच्या, "हाय."

शेवटी मी एक प्रस्ताव मांडला. झालेल्या गोंधळातून धडा घेऊन पुढच्या आवृत्तीत 'मानवाधिकार' काढू आणि साधं 'माणसाचे हक्क' करू. मला वाटलं टाळ्या पडतील.

"नको," रेखा म्हणाली. "अधिकारच राहू द्या."

"का?"

"हक म्हटलं की लोकं म्हनतात पाहू मंग. अधिकार म्हटलं तं शर्टाले इस्त्री करून आले."

मतदान घेतलं. माझ्या बाजूनं मी एकटी. सलीमभाईंनी दोन्ही हात वर केले, ते कुणाच्या बाजूनं होते ते त्यांनाही सांगता आलं नाही.

प्रज्ञाच्या आईनं रात्री तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी केली होती. ती इथे लिहून कळण्यासारखी नाही, त्यासाठी डिसेंबरात तिकडे जावं लागेल.

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरला थांबले. दर्ग्याच्या वाटेवर फुलांची, रेवड्यांची दुकानं. फुलं घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं होती आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मी स्टँडवर उरलेली पत्रकं वाटली. थोड्या वेळानं शेंगदाणे घेतले तर पुडी ओळखीची वाटली. छळाविरुद्धचं पाचवं कलम खारे दाणे घेऊन माझ्या हातात परत आलं होतं. शेंगदाणेवाल्या काकांना म्हटलं, हे वाचायसाठी आहे. ते म्हणाले, "वाचूनच बांधून राह्यलो, बाई. जे समजलं नाई तेच फाडतो." मी दाणे खाल्ले, पुडी सरळ केली आणि त्यांना पाचवं कलम समजावून सांगितलं. माझी बस त्यात चुकली. पुढची मिळाली आणि वाशीमला जाऊन गाडी धरली.

परतीच्या वाटेवर मला सारखं वाटत होतं की जगभरच्या हक्कांचं रक्षण ही फार मोठी, फार लांबची गोष्ट म्हणून आम्ही बोलतो. लांबची ती आहेच. पण त्या लांबच्या प्रत्येक ठिकाणीही एक कुणीतरी पहिल्यांदा उठायला नकार देतं, किंवा बसायला. रेखा माझ्या पत्रकाच्या आधी धुऱ्यावर आडवी झाली होती. पत्रकानं एवढंच केलं की ती एकटी नाही, तिच्या बाजूनं बाहेरचं जगही आहे, हे तिथे मोठ्यानं वाचलं गेलं. एवढ्यासाठी मी पिशवीचा पट्टा पुन्हा तोडायला तयार आहे.

सांगलीत येऊन काही दिवस झाले. परवा दुपारी छापखान्यात असताना रेखाचा फोन आला. मागे बायांचा गलका होता.

"ताई, भाऊ ईचारून राह्यले, त्यायच्या सुटीचं कोनाले मांगाचं?"

मी प्रामाणिकपणे म्हटलं, मलाही माहीत नाही, शोधते.

"म्याही तेच सांगतलं. म्हटलं, तुमचं तुमी भांडा. तोवर बसा आमच्यासंगं, भाकर खा."

मी यंत्र बंद करायची खूण केली, नीट ऐकू यावं म्हणून. "बसले?"

"नाई. उभ्याउभ्यानंच खाल्लं," रेखा म्हणाली. "पन आमच्या हातचा ठेचा दोनदा मांगतला."